दुपारी दीडची घसरण

अंबेवडीच्या आरोग्य केंद्रात शिरलं की समोरच्या भिंतीवर गिरणीवाल्या नंदाकाकूंचा फोटो दिसायचा. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : 'महानंदा तोडकर, वय चौसष्ट. रोज जेवणानंतर दोन हजार पावलं. सलग पाच महिने.' फोटोत काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि चेहरा असा केला होता, की जणू कुणी त्यांचे दात तपासतंय. येणारेजाणारे फोटोकडे बघत आणि मग खाली मान घालून स्वतःच्या पोटाकडे बघत. काकू मात्र केंद्रात गेल्या की त्या भिंतीकडे पाठ करून बसत. कारण त्या दोन हजारांतलं एक पाऊलसुद्धा त्यांनी टाकलेलं नव्हतं.

गोष्ट फार पुढच्या काळातली नाही. शुगर आजच्यासारखीच घरोघरी होती, फक्त तिच्यावर नजर ठेवायला 'सावली' आली होती. दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवायची. तिच्यातून केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि दर पाच मिनिटांनी साखर मोजते. मनगटावर एक पट्टी असते, ती पावलं मोजते. ताटाचा फोटो काढला की त्यात काय आणि किती वाढलंय ते फोन ओळखतो. या तिन्हींवरून संगणक त्या माणसाच्या शरीराची गणिती नक्कल तयार करतो, तीच सावली. तुम्ही भाताकडे हात नेला की सावलीच्या हिशेबात तो भात पचूनसुद्धा झालेला असतो आणि दोन तासांनी साखर कुठे पोचणार हे तिला कळलेलं असतं. मग ती गोड आवाजात सांगते, आधी काकडी खा, मग आमटी घ्या, भाकरीला शेवटी हात लावा. अर्धं ताट भाजी, गोड बंद, झोप वेळेवर, पायाला जखम होऊ देऊ नका, हे डॉक्टर पूर्वी सगळ्यांना सरसकट सांगायचे. सावली तेच सल्ले ज्याच्या त्याच्या मापाने बेतून द्यायची.

यामुळे गिरणीची तऱ्हाच बदलली. पूर्वी गहू, ज्वारी, बाजरी आणि सणासुदीला भाजणी एवढ्यावर भागायचं. आता प्रत्येकाचं पीठ वेगळं. निवृत्त मास्तर चौगुले सरांना ज्वारीत हरभरा जास्त, त्यांच्या बायकोला नाचणी जास्त, शेजारच्याला त्यात जवस. एका घरातून चार डबे यायचे आणि कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात गेलं तर घरात भांडण व्हायचं. काकूंना दीडशे घरांची पिठं तोंडपाठ होती. नवरा गेल्यावर एकोणीस वर्षं त्यांनी ही गिरणी एकटीने चालवली होती, आणि उतारवयात तिला असे दिवस आलेले बघून त्यांना मनापासून समाधान वाटत होतं. गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्या चालण्याचं महत्त्वही पटवून देत. ते त्यांना फार छान जमायचं.

आता खोटेपणाचं सांगायला हवं. काकू पहाटे पाचला उठत. बाराला गिरणी बंद, साडेबाराला जेवण, आणि एकच्या पुढे चटईवर डाव्या कुशीला अर्धा तास. त्याला वामकुक्षी म्हणतात, जेवणानंतर डाव्या कुशीवरच पडायचं, हे त्यांना सासऱ्यांनी शिकवलं होतं आणि लग्न झाल्यापासून त्यात खंड नव्हता. दिवसभरात तो एवढाच अर्धा तास त्यांचा स्वतःचा. सावलीत नाव घालताना डॉक्टर रेश्मा मुजावर यांनी विचारलं, दुपारी झोपता का? काकूंनी शेजारी बसलेल्या चौगुले सरांकडे पाहिलं आणि मला कुठला आलाय वेळ, असं सांगून टाकलं. मग डॉक्टरांनी जेवणानंतर वीस मिनिटं चालायला सांगितलं. पहिले दोन दिवस काकू चालल्याही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरची पट्टी दोरा बांधून टेबलफॅनच्या जाळीला अडकवली. वाऱ्यावर पट्टी नाचत राहिली, पावलं पडत राहिली आणि काकू शेजारीच शांतपणे घोरत पडल्या.

पहिली घसरण आली ती महिन्याभरात. एक चाळीसला फोन कर्कश वाजला आणि सावली म्हणाली, साखर अठ्ठावन्नवर आली आहे, ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. काकूंना काहीच होत नव्हतं. घाम नाही, थरथर नाही. पण यंत्र खोटं कशाला बोलेल, असं म्हणून त्या पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते आठवड्यातून चार-पाचदा होऊ लागलं. त्या साखरेने संध्याकाळी आकडा अडीचशेच्या वर जायचा. सावली मग रात्रीची भाकरी कमी करायची, गोळी वाढवायची. काकू अर्धपोटी झोपायच्या आणि तरीही रक्ततपासणीतली तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सातावरून साडेआठावर गेली. काकू हादरल्या. लबाडीची शिक्षा म्हणून देवाने खरंच काहीतरी मागे लावलंय, असं त्यांना आतून वाटू लागलं.

त्या एकट्या नव्हत्या. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांत चारशेच्या वर माणसांची साखर दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान अशीच कोसळत होती, आणि गंमत म्हणजे ती सगळी माणसं चालण्यात पहिल्या नंबरची होती. पुण्यातल्या संशोधकांनी या प्रकाराला 'दख्खनी अपराह्ण घसरण' असं भारदस्त नाव दिलं. दुष्काळांतून तगलेल्या पूर्वजांकडून आलेलं एखादं जनुक श्रम केले की साखर भराभर जाळत असावं, असा त्यांचा अंदाज होता. त्यावर एक परिषदही भरणार होती.

पण नियम परिषदेसाठी थांबत नाहीत. महिनाभर अशी घसरण दिसली की सावली माणसाच्या नावावर लाल शेरा मारायची. लाल शेरा असलेल्याने गाडी चालवायची नाही, पट्ट्यावर चालणारं यंत्र एकट्याने चालवायचं नाही आणि शक्यतो एकटं राहायचं नाही. चौगुले सरांची स्कूटर त्यांच्या जावयाने नेली. काकूंच्या गिरणीचा परवाना येत्या सोमवारी संपणार होता आणि लाल शेऱ्यासकट तो पुन्हा मिळणार नव्हता.

त्यांचा मुलगा शैलेश शुक्रवारी पुण्याहून आला तो आठ दिवसांची रजा टाकूनच. काकूंच्या फोनवर सावली ओरडली की त्याच क्षणी त्याच्याही फोनवर ओरडायची, कारण जवळचा माणूस म्हणून त्याचंच नाव दिलेलं होतं. त्याने आल्या आल्या खोकी आणली, भांडी गुंडाळायला सुरुवात केली आणि गिरणी विकत घ्यायला सोमवारी एक माणूस येणार असल्याचं सांगितलं. बोलला फार थोडं. काकूंनी एकदा म्हणून पाहिलं, की पुण्यात मी दिवसभर काय करू, भिंती मोजू? त्यावर तो नुसता म्हणाला, "आई, तू पट्ट्यात सापडलीस तर मी काय करू ते सांग."



डॉक्टर मुजावर अंबेवडीच्याच. लहानपणी पिठाचा डबा डोक्यावर घेऊन याच गिरणीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या. काकूंना अशा तऱ्हेने गावातून जावं लागतंय याचं त्यांना वाईट वाटत होतं. इन्सुलिन सोमवारपासून सुरू करायचं ठरलंच होतं, पण त्याआधी दोन दिवस दुपारचं जेवण केंद्रातच करा, घसरण आमच्या डोळ्यांसमोर होऊ दे, असं त्यांनी सुचवलं. शनिवारी काकू डबा घेऊन गेल्या. जेवल्या. मग नर्सबाई बरोबर असल्यामुळे इलाजच नव्हता, केंद्राच्या व्हरांड्यात वीस मिनिटं खरोखर चालल्या. आकडा एकशे साठ झाला, हळूहळू एकशे चाळीसवर आला आणि तिथेच राहिला. तीन वाजेपर्यंत काही म्हणजे काही झालं नाही. रविवारीही तेच.

डॉक्टर कोड्यात पडल्या. तेच पीठ, तीच भाजी, तेवढीच पावलं. घरी साखर कोसळते आणि इथे कशी कोसळत नाही? गिरणीच्या उष्णतेने होतं का? पाण्यात काही आहे का? त्या स्वतःशीच एकेक शक्यता पुटपुटत होत्या आणि शैलेश दारात उभा राहून ऐकत होता. काकू खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. घरी आणि इथे काय वेगळं आहे, हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं.

उघड्या दारातून समोरच्या भिंतीवरचा त्यांचाच फोटो दिसत होता. हे बाहेर पडलं तर गिरणीच्या रांगेत लोक काय म्हणतील, हा विचार आधी आला. मग लक्षात आलं, की उद्यापासून रांगच नसणार. काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"रेश्मा, दार लाव जरा. मी घरी चालत न्हाई."

"म्हणजे कधी कधी नाही?"

"कधीच न्हाई. ती पट्टी पंख्याला बांधते आन् मी चटईवर पडते."

शैलेशने डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं. काकूंनी मग सगळंच सांगून टाकलं, दोऱ्याच्या गाठीपासून घोरण्यापर्यंत, आणि सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडा बसणार म्हणून त्यांनी खांदे आवळून घेतले होते. पण डॉक्टरांचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं.

"काकू, चटईवर कशा पडता? मला दाखवा."

काकू खाटेवर डाव्या कुशीला वळल्या, हात डोक्याखाली घेतला. चकती डाव्याच दंडावर होती, कारण उजव्या हाताने त्या दिवसभर धान्य ओतत. त्यांचं सगळं वजन त्या दंडावर आलं. डॉक्टरांनी त्यांच्या मनगटावरची पट्टी काढून शैलेशला हलवत राहायला दिली आणि त्या फोनकडे बघत राहिल्या. एकशे अडतीस. एकशे बारा. नव्वद. विसाव्या मिनिटाला सावली किंचाळली, साखर एकसष्ट आहे. त्याच क्षणी डॉक्टरांनी काकूंच्या उजव्या हाताच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब जुन्या पद्धतीच्या यंत्रावर घेतला. आकडा आला एकशे छत्तीस.

डॉक्टर मटकन खुर्चीत बसल्या आणि तोंडावर हात धरून हसायला लागल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. चकती रक्तातली साखर मोजतच नाही. ती मोजते कातडीखाली पेशींच्या मधे झिरपणाऱ्या पाण्यातली. रक्तातून त्या पाण्यात साखर सतत येत राहते, म्हणून एरवी दोन्ही आकडे जवळपास सारखे असतात. पण दंड अंगाखाली दाबला गेला, की ओल्या मातीवर पाय दिल्यासारखं तिथलं पाणी बाजूला सरतं. नवीन साखर येत नाही, असलेली संपते आणि चकतीला वाटतं, माणसाचीच साखर संपली. उठून बसलं की पंधरा मिनिटांत सगळं जागेवर.

शैलेशला हे पटेना. यंत्र बनवणाऱ्यांना एवढी साधी गोष्ट ठाऊक नव्हती का, असं त्याने विचारलं.

"चांगली ठाऊक होती," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस आडवा असला की सावली अशा घसरणीकडे काणाडोळा करते, म्हणून तर रात्री कुणाचा फोन वाजत नाही. पण काकू आडव्या आहेत हे तिला कळणार कसं? पट्टी सांगत होती, काकू झपाझप चालतायत. चालत्या माणसाचा दंड कशाखाली दाबला जाईल?"

काकू खाटेवर उठून बसल्या. मग त्यांना ते साखरेचं पाणी आठवलं. नसलेल्या घसरणीवर त्या महिनोन्‌महिने साखर पीत होत्या आणि त्या साखरेवर गोळ्या खात होत्या. डॉक्टरांनी हसू आवरलं आणि गंभीरपणे सांगितलं, की उद्या इन्सुलिन सुरू झालं असतं आणि एखाद्या दिवशी हे पाणी प्यायचं राहिलं असतं, तर संध्याकाळी साखर खरोखरीच कोसळली असती. तेव्हा मात्र पट्ट्याशी उभं असताना काय झालं असतं ते सांगता येत नाही.

"मग मला काय झालंच न्हाई?" काकूंनी विचारलं.

"शुगर आहे, पूर्वी होती तेवढीच. बाकी काही नाही."

काकूंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. चार महिने आपल्याला असाध्य काहीतरी जडलंय म्हणून त्या रोज देवापुढे हात जोडत होत्या, आणि ते होतं त्यांच्याच दंडाखाली.

डॉक्टरांच्या डोक्यात तोवर ते चारशे लोक आले होते. त्यांनी तिथूनच अंबेवडीतल्या सगळ्या लाल शेरेवाल्यांना फोन लावले आणि दुपारी झोपता का, असं विचारलं. एकूण सदतीस जण. सदतीसच्या सदतीस जणांनी ठामपणे नाही म्हणून सांगितलं.

शेवटी संध्याकाळी सगळ्यांना केंद्रात बोलावलं. डॉक्टरांनी चकतीचं शास्त्र समजावलं, मग पुन्हा तोच प्रश्न विचारला. सदतीस माणसं खुर्च्यांवर बसून छताकडे, खिडकीकडे, एकमेकांच्या चपलांकडे बघत राहिली. नंदाकाकू मागच्या रांगेत होत्या. त्या उठल्या, पुढे गेल्या, भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"मी झोपते," त्या म्हणाल्या. "रोज. पट्टी पंख्याला बांधून. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी चालायचं ज्ञान पाजळलं, त्याबद्दल माफी करा. पण माझी गिरणी जाणार हुती, म्हणून सांगते, खरं बोला."

मग चौगुले सरांनी हात वर केला. शाळेत आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस, त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांची पट्टी दुपारी म्हशीच्या शिंगाला असायची. रवंथ करताना म्हैस मान हलवते, त्यात त्यांची हजार-बाराशे पावलं होऊन जात. त्यांच्यामागे आणखी एक हात आला, मग तीन, आणि मग डॉक्टरांना मोजणं अवघड झालं. कुणाची पट्टी शिलाई मशीनच्या पायडलला होती, कुणाची दुसऱ्याच्या सायकलला. हसण्याचा असा गलका झाला की बाहेरचे पेशंट डोकावून बघायला लागले. जी माणसं महिनोन्‌महिने स्वतःला मरणाच्या दारात समजत होती, ती एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

डॉक्टरांनी त्याच रात्री पुण्याला अहवाल पाठवला. परिषद रद्द झाली. दुष्काळातल्या पूर्वजांवरचा आळ गेला. लाल शेरे पुसले गेले आणि सावलीला एक नवीन गोष्ट शिकवली गेली, की माणूस चालतोय असं पट्टी म्हणाली तरी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. काकूंची चकती उजव्या दंडावर गेली. आधी वीस मिनिटं चाला आणि मग खुशाल पडा, एवढी सूट डॉक्टरांनी स्वतःच्या अधिकारात दिली.

सोमवारी सकाळी गिरणी विकत घ्यायला आलेल्या माणसाला शैलेशने चहा पाजून परत पाठवलं. काकूंचा लाल शेरा डॉक्टरांनी रात्रीच पुसून घेतला होता, त्यामुळे परवाना अकरा वाजता हातात आला. रांग रस्त्यापर्यंत गेली होती, त्यामुळे गिरणी त्या दिवशी बाराऐवजी एकला बंद झाली. मायलेक जेवायला बसले. काकूंनी मेथीची भाजी, आमटी आणि काकडी वाढली, गरम भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली. शैलेश मुकाट्याने जेवत होता. मधेच त्याने फोन उचलून पाहिला. एक पस्तीस झाले होते.

"आई, एक सांगू? चार महिने मी ऑफिसात दुपारचं जेवलेलो नाही."

काकूंचा हात थांबला.

"डबा उघडायचो. पण दीड वाजला की घास आत जायचाच नाही. फोन वाजेल म्हणून त्याच्याकडे बघत बसायचो. वाजला की तुला व्हिडिओ कॉल लावायचो, आणि तू उचलेपर्यंत..."

काकूंना ते दिवस आठवले. फोन उचलायला त्यांना उशीर व्हायचा, कारण आधी पंख्याच्या जाळीची गाठ सोडून पट्टी मनगटावर चढवावी लागायची. आपण लबाडी केली ती डॉक्टरशी, यंत्राशी, फार तर गावाशी, अशी त्यांची समजूत होती. इकडे हे लेकरू रोज ताटावर उपाशी बसत होतं. त्यांना रडू फुटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या. "लई चुकलं."

शैलेशने डाव्या हाताने फोन उचलला, पालथा करून मागे सरकवला आणि रिकामं ताट पुढे केलं.

"आणखी एक भाकरी वाढ."

काकूंनी डोळे पुसले आणि पुन्हा तवा ठेवला. त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या.